डावीकडची सीट

आमच्या सोसायटीत बग्गी आहे असं सांगितलं की पेठेतले नातेवाईक आधी माझ्याकडे बघतात आणि मग घोडे कुठे बांधता म्हणून विचारतात. तर घोडे नाहीत. गोल्फच्या मैदानावर असते तशी, विजेवर चालणारी, वर छप्पर आणि चारी बाजूंनी मोकळी अशी ती गाडी आहे. कुठल्याशा रिसॉर्टमधून निवृत्त होऊन आमच्याकडे आली. धायरी गाव संपून डोंगर सुरू होतो तिथे आमची सोसायटी. गेट खाली, आणि इमारती एकीच्या डोक्यावर एक अशा वर वर चढत गेलेल्या. सगळ्यात वरच्या इमारतीत नेमके म्हाताऱ्या माणसांनी फ्लॅट घेतले आहेत, कारण तिथे हवा चांगली आहे असं बिल्डरने सांगितलं होतं. हवा चांगली आहेच. चालत तिथवर पोचलं की ती सगळी लागते.

ही बग्गी चालवतात नागोराव. वाशीमकडचे. पूर्वी भोसरीला एका कारखान्यात फोर्कलिफ्टवर होते, कारखाना बंद पडल्यावर आमच्या गेटवर वॉचमन म्हणून आले आणि बग्गी आली तेव्हा तिच्यावर बसले ते कायमचे. माणूस उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. रोज सकाळी ओल्या फडक्याने सगळ्या सीट पुसतात. बग्गीला आवाज नाही आणि भोंगा वाजवणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं, म्हणून वळणावर ते नुसता घसा खाकरतात. सोसायटीतली कुत्रीसुद्धा त्या खाकरण्याने बाजूला होतात.

पंप हाऊसच्या शेजारची खोली सोसायटीने त्यांना राहायला दिली आहे. बायको गावी, सासूच्या आजारपणात अडकलेली. इथे ते आणि त्यांची मुलगी उत्कर्षा. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात नागोरावांना भीती एवढीच होती. बग्गी गेली की नोकरी जाणार, नोकरी गेली की खोली, आणि खोली गेली की पोरीला शिक्षण अर्धं टाकून गावी परतावं लागणार.

बग्गीची पहिली आणि सगळ्यात शिस्तीची प्रवासी म्हणजे वेणूबाई. सदाशिव पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं आणि मुलाच्या, केयूरच्या, आग्रहाने इकडे आल्या. केयूर स्वतः राहतो बाणेरला. सकाळी वेणूबाई वरून खाली येत, गेटजवळच्या बागेत बसून पेपर संपवत आणि बग्गीने परत जात. बसायच्या नेहमी पुढे, नागोरावांच्या डावीकडे. हातात काठी, तिच्या टोकाला जाड काळं रबर. सगळी सोसायटी त्यांना वेणूआजी म्हणे. नागोराव मात्र बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. उत्कर्षाचं इंग्रजी वेणूबाईंनीच पक्कं करून घेतलं होतं. आम्हा बाकीच्या सगळ्या बायका त्यांच्या लेखी ताई. बाई एकच.

जुन्या बॅटऱ्या अगदी थकल्या होत्या. चढावर नागोराव तरुण मंडळींना उतरायला लावायचे. कमिटी नेहमीप्रमाणे विचार करत होती. शेवटी सर्वसाधारण सभेत वेणूबाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला न्यायला गाडी वरपर्यंत येणारच आहे. मी जिवंत असताना ती आली तर कुणाची हरकत आहे का?"

हरकत कुणाची नव्हती. संक्रांतीनंतर नव्या बॅटऱ्या आल्या.

आता आपल्याकडे नवी वस्तू आली की पूजा आलीच. सेक्रेटरी अवधूत बर्वे यांच्या पत्नी पूर्णिमा हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि कुंकू कुणी लावायचं म्हणून जमलेल्या बायकांकडे बघू लागल्या. वेणूबाई तिथेच उभ्या होत्या, पण त्यांच्यावरून पूर्णिमाताईंची नजर अशी फिरली की जणू तिथे खांब आहे. नागोरावांनी ते पाहिलं. त्यांनी पुढे होऊन पूर्णिमाताईंच्या हातातलं ताट अलगद घेतलं आणि वेणूबाईंच्या समोर धरलं. यांनी आणल्या, यांनाच पूजा करू द्या, एवढंच म्हणाले. वेणूबाई क्षणभर ताटाकडे बघत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला हात लावला नसावा. मग त्यांनी बोट बुडवलं, प्रत्येक बॅटरीला नीट कुंकू लावलं आणि थेट जाऊन डावीकडच्या सीटवर बसल्या.

पहिली फेरी त्यांची. मागे मी, मांडीवर भाजीची पिशवी. नागोरावांनी सवयीने पेडल पूर्ण दाबलं, कारण जुन्या बॅटऱ्यांना तेवढं दाबल्याशिवाय कळतच नसे. गाडी अशी उसळली की माझे टोमॅटो रस्त्यावर गेले. वळण जवळ आलं. वेणूबाई किंचाळल्या वगैरे नाहीत. त्यांनी शांतपणे काठी तिरकी केली आणि तिचं रबरी टोक पेडलच्या खाली सरकवलं, वर्गाचं दार कुणी बंद करू नये म्हणून पाय घालावा तसं. पेडल अर्ध्यावर अडलं. गाडी मंदावली.

"सावकाश, नागोराव. मी काठी काढेन तेव्हाच जोरात."

"बरं, बाई," नागोराव म्हणाले.

वरपर्यंत त्यांनी काठी काढली नाही. उतरताना दोघंही हसत होते. त्याच आठवड्यात एका पहाटे वेणूबाई झोपेतच गेल्या. न्यायला गाडी वर आली, त्या म्हणाल्या होत्या तशी.

दहावा, तेरावा झाला. केयूरने फ्लॅट आवरला, आईच्या मोजक्या वस्तू, चष्मा, काठी, सगळं बाणेरला नेलं आणि कुलूप लावलं. आणि मग लोकांच्या लक्षात येऊ लागलं की बग्गी चालतच नाहीये.

म्हणजे चालायची, पण लग्नाच्या वरातीसारखी. सपाटीवरसुद्धा. सकाळी फिरायला जाणारे लोक तिला मागे टाकून पुढे जाऊ लागले. बर्वे एकदा बग्गीत बसले, वर पोचल्यावर घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, बॅटऱ्या आणल्या की पंचांग? नागोरावांनी गाडी वळवून घेतली. पण चेहरा उतरला होता.

बिबवेवाडीहून चेतन आला. तोच बॅटऱ्या बसवून गेलेला तरुण मेकॅनिक, कानात कायम काहीतरी अडकवलेलं, पण कामाला चोख. त्याने सीट उचलली आणि एकेका बॅटरीला मीटर लावला. सगळ्या भरलेल्या, सगळ्या सारख्या. जोडणाऱ्या केबल घट्ट. ब्रेक कुठे धरत नव्हते, चाकांत हवा बरोबर. मागची चाकं जॅकवर उचलून त्याने हाताने पेडल दाबलं तर ती गरगर फिरली. गाडी खाली ठेवली, नागोराव बसले, आणि पुन्हा वरात सुरू.

मी तिथेच बाकावर शेंगा निवडत बसले होते. खरं सांगायचं तर मला वेगळंच काहीतरी दिसत होतं आणि ते बोलावं की नाही कळत नव्हतं. नागोराव उजवीकडे बसतात. एकटा माणूस एका बाजूला बसला की असली हलकी गाडी त्या बाजूला जराशी कलते, हे आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेलं. आता नागोराव एकटेच बसले होते, डावी सीट रिकामी होती आणि बग्गी सपाट उभी होती. तराजूच्या दोन्ही पारड्यांत काहीतरी असल्यासारखी.

चेतनला विचारलं. त्याने वाकून खाली पाहिलं, पुन्हा उठून पाहिलं. स्प्रिंग जुनी असेल काकू, म्हणाला. पण मग तो गाडीला उगाचच एक चक्कर मारून आला आणि डाव्या बाजूने जाताना थोडा लांबून गेला.

दुसऱ्या खेपेला त्याने चालू गाडीत किती करंट जातोय ते मोजलं आणि चक्रावला. गाडी जास्त करंट मागतच नव्हती. पेडल कुणीतरी अर्धंच दाबतंय, असं मीटर सांगत होता. त्याने पेडलखालचा भाग बदलून नवा बसवला. फरक शून्य. शेवटी त्याने नागोरावांना उतरवलं आणि स्वतः बसला. बग्गी सणसणत वळण घेऊन दिसेनाशी झाली आणि तशीच परत आली.

तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी नागोरावांकडे पाहिलं.

"गाडीत काही नाही सर," चेतन खाली मान घालून बर्व्यांना म्हणाला. त्याला ते बोलायला आवडलं नव्हतं, हे दिसत होतं.

मग काय, बोलायला तोंडं मोकळी. कुणी म्हणालं, नागोरावांचं वय झालं. कुणी म्हणालं, मुद्दाम करतात, पगारवाढ हवी असेल. पूर्णिमाताईंनी आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी तेव्हाच म्हणणार होते, पूजा कुणाच्या हातून होते याला काही अर्थ असतो. आजकाल बोलायची सोय नाही म्हणून गप्प बसले, असंही म्हणाल्या. बर्वे त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं की एक एजन्सी गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही देते, येत्या रविवारी सकाळी कमिटीसमोर नागोरावांनी एक फेरी नीट मारून दाखवावी, नाहीतर पुढच्या महिन्यापासून एजन्सी.

उत्कर्षा संध्याकाळी माझ्याकडे आली, वाटी परत द्यायच्या निमित्ताने. बाबा जेवत नाहीत म्हणाली. रडली नाही. फक्त विचारलं की परीक्षा होईपर्यंत तरी खोली राहू देतील का, तुम्ही काकांशी बोलून बघाल का. काका म्हणजे आमचे हे, जे कमिटीत आहेत आणि कमिटीत कधी बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम बग्गीत बसले. रस्त्यावर ऊन, चिटपाखरू नाही. मागच्या सीटवरून पुढे वाकले आणि नागोरावांच्या पायाकडे पाहत राहिले.

माझ्या शिवणयंत्राला मोटर बसवलेली आहे. एकदा तिच्या पायपट्टीखाली दोऱ्याचं रीळ सरकलं होतं आणि मशीन मेल्यासारखं चालत होतं. मी दाबतेय, दाबतेय, आणि पट्टी रिळावर टेकून अडलेली. नागोरावांचा पाय मला तसाच दिसला. पोटरीच्या शिरा ताणलेल्या, चपलेचा पंजा पेडलवर वाकलेला, सगळा जोर लावलेला. आणि पेडल अर्ध्यावर. पेडलच्या आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटांची फट होती. स्वच्छ, रिकामी फट. तिच्यातून खालची रबरी चटई दिसत होती.

"नागोराव," मी म्हणाले, "पेडल पूर्ण दाबा बरं."

"पुरंच दाबलंय ताई. तळाला टेकलंय. आता अजून कुठं दाबू?"

मी चपला काढल्या, पुढच्या दोन सीटच्या मधून खाली वाकून त्या फटीत हात घातला. काही नव्हतं. पण बोटांना गार लागलं, आणि हात आत जाईना. कशाला अडला असंही नाही. नुसता जाईना. मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला. का पुसला, ते मला सांगता येणार नाही.

नागोरावांनी गाडी थांबवली. समोर बघतच बोलले. मला ठाऊक हाय ताई, म्हणाले. बाईंनी काठी लावली ती काढलीच न्हाई. काढीन तेव्हा जोरात म्हणाल्या आणि मी बरं म्हणलं. मी बरं म्हणलं ना.

मग हे कमिटीला का सांगत नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. सांगितलं तर लोक म्हणतील, विधवेनं पूजा केली, तीच आता गाडी धरून बसली. ताट मी दिलं होतं त्यांच्या हातात. नोकरी गेली तर जाईल, पण बाईंच्या नावानं असलं बोलणं मी माझ्या तोंडानं सुरू करणार न्हाई.

मी घरी आले आणि कितीतरी वेळ कुकर न लावता ओट्याशी उभी राहिले. केयूरला फोन करून काठी आणवावी, असं एकदा मनात आलं. पण काठी बाणेरला एका कपाटात होती आणि पेडल इथे अडलेलं होतं. आणून करणार काय? अडवणारीने सोडलं पाहिजे. ती नाही, तर तिच्या जागी बसून कुणीतरी म्हणायला हवं की नागोराव, आता जोरात सोडा. तेवढं तर मला जमेल. देवाला बोललेला नवस घरातला दुसरा माणूस फेडतो, त्यातलाच हा प्रकार, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी गेटवर अर्धी सोसायटी जमली होती. बर्वे हाताची घडी घालून, पूर्णिमाताई शेजारी, चेतन आपल्या मोटरसायकलला टेकून. उत्कर्षा पंप हाऊसच्या दारात उभी होती, पुढे येत नव्हती. मी सरळ गेले आणि म्हणाले, मी बसते पुढे. नागोरावांचा हात डाव्या सीटकडे गेला, अडवायला जातो तसा. मग त्यांनी तो मागे घेतला आणि फडक्याने ती सीट पुन्हा एकदा पुसली.

मी बसले. सीट चांगली रुंद आहे, दोन मुलं बसतात. पण मी कडेवरच टेकले, कारण आत सरकायला जागा आहे असं मला वाटेना. एस.टी.त कुणी सरकून थोडी जागा देतं, तेवढीच जागा मिळाल्यासारखं झालं.

बग्गी निघाली. वरात. मागून कुणीतरी बँडवाल्यांना बोलवा म्हणाल्याचं ऐकू आलं आणि दोन-चार जण हसले. नागोरावांच्या कपाळावर घाम, पायाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. खाली फट तशीच. पंप हाऊस मागे गेलं. चढ सुरू झाला. वळण आलं, जिथे माझे टोमॅटो पडले होते. आता बोलायचं, असं मी ठरवलं होतं. तोंड उघडलं. म्हणायचं वाक्य रात्रभर घोकलेलं आणि आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

आणि माझ्या पायांजवळ आवाज झाला. ओला रबरी बूट पत्र्यावरून ओढावा तसा. छोटासा, सावकाश.

"बरं, बाई," नागोराव म्हणाले.

पेडल खटकन तळाला गेलं. बग्गीने अशी झेप घेतली की मी दांडी धरली. झाडं, पार्किंग, वाळत घातलेले पापड, बाल्कनीतले लोक, सगळं मागे पळालं. वळणावर नागोरावांनी घसा खाकरला. चढ संपून सगळ्यात वरच्या इमारतीसमोर बग्गी थांबली तेव्हा मी सीटच्या मधोमध बसलेली होते. कधी सरकले ते कळलं नाही. जागा होती.

खालून टाळ्या ऐकू येत होत्या. नागोराव स्टिअरिंगवर हात ठेवून त्या कुलूपबंद फ्लॅटच्या खिडकीकडे बघत होते.

"तुम्ही बरं कुणाला म्हणालात?" मी विचारलं. "मी काही बोललेच नव्हते."

"तुम्ही कशाला बोलाल ताई," ते साधेपणाने म्हणाले. "काठी काढली ना त्यांनी."

एजन्सी आली नाही. चेतनने कंट्रोलरचं काहीतरी आपोआप सुटलं असेल असा खुलासा केला, बर्व्यांनी तो मान्य केला आणि आपण सुचवलेल्या चाचणीमुळेच दोष निघाला असं पुढच्या सभेत सांगितलं. पूर्णिमाताई आता बग्गीने जातात, पण मागे बसतात. उत्कर्षाची परीक्षा झाली, ती तिसऱ्या वर्षाला गेली. संध्याकाळी पंप हाऊसच्या पायरीवर बसून मोठ्याने इंग्रजी वाचते आणि अडलं की जरा थांबते, कुणीतरी चूक सांगेल म्हणून थांबावं तशी. मग पुढे वाचते.

मीही मागेच बसते. पुढची सीट आता रिकामी असली की मुलं हक्काने तिथे चढतात, नागोराव काही म्हणत नाहीत.

पण रोज सकाळी दूध घेऊन येताना माझी नजर आपोआप गेटकडे जाते. बग्गी प्रवाशांची वाट बघत उभी असते, सगळ्या सीट पुसलेल्या, नागोराव एकटे स्टिअरिंगमागे. आणि गाडी त्यांच्या बाजूला, उजवीकडे, किंचित कललेली असते.